शहर कुठे संपते? फ्रॅक्टल भूमिती आणि वस्तीची हद्द

फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेचा एक नियम आहे. दोन बांधकामांमध्ये 200 मीटरपेक्षा जास्त खंड नसेल तर ती सलग वस्तीत धरायची. अशा सलग वस्तीत किमान 2000 माणसे राहत असतील तर तिचे ‘नागरी एकक’ होते. नॉर्वेत हेच अंतर साधारणपणे 50 मीटर मानतात, शेजारच्या स्वीडनने पूर्वापार 200 मीटर मानले. म्हणजे एकाच घडणीची, सारख्याच विरळ घरांची दोन गावे सरहद्दीच्या दोन बाजूंना असली, तर एक अखंड ठरेल आणि दुसरे तुकड्यांत मोजले जाईल. भारताची जनगणना अंतर विचारातच घेत नाही. नगरपालिका नसलेले गाव ‘जनगणना नगर’ ठरायचे तर किमान 5000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर, अशा तीन अटी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने 2020 मध्ये उचलून धरलेली पद्धत आणखी निराळी. साऱ्या जमिनीवर एक किलोमीटरच्या चौकटी आखायच्या, ज्यांत किमान 1500 माणसे आहेत अशा लगतच्या चौकटी जोडायच्या, आणि बेरीज 50,000 भरली की ते नागरी केंद्र.

हे आकडे कुणी डोळे मिटून ठरवलेले नाहीत. सरकारला देशभर चालेल असे, समजायला सोपे मोजमाप लागते, आणि त्या गरजेतून ते आले. पण यांतला एकही आकडा त्या त्या वस्तीकडे पाहून आलेला नाही. 200 मीटरच का, 180 का नाहीत, याचे उत्तर कुठल्याही शहराच्या जमिनीवर सापडत नाही. आणि हा उंबरा जरा हलवला की त्यावर उभे असलेले सगळेच हलते: शहराची लोकसंख्या, घनता, वाढीचा वेग, माणशी हिरवी जागा, दोन शहरांची तुलना. म्हणून या पुस्तकाचा प्रश्न असा आहे की, घरे जमिनीवर ज्या अंतरांनी पसरली आहेत त्या अंतरांनाच हद्द विचारता येईल का? गेल्या चाळीसेक वर्षांत फ्रॅक्टल भूमितीने याचे एक उत्तर घडवले आहे. ते पुरे नाही, पण ते कुणालाही तपासून पाहता येते, आणि मला ते याच गुणासाठी मोलाचे वाटते.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. तट होता, वेस होती, रात्री दरवाजे लागत. तटाबाहेरच्या वस्तीलाही वेगळे नाव असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे, ट्राम आणि कारखाने आले तशी शहरे तटाबाहेर सांडली, आणि मग एकमेकांत मिसळली. पॅट्रिक गेडीस यांनी 1915 च्या आपल्या ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ या ग्रंथात अशा मिसळलेल्या शहरांसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द घडवला आणि लंडनच्या पसरण्याला प्रवाळाच्या खडकाची उपमा दिली. हेच गेडीस 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. जीवशास्त्रातून आलेल्या या माणसाला शहराची कड वेडीवाकडी दिसली आणि त्या वाकडेपणात काही नियम असावा असे वाटले. तो नियम मोजायची भूमिती मात्र त्यांच्या हाताशी नव्हती. वाल्टर क्रिस्टालर यांनी 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांची षट्कोनी उतरंड मांडली. ती सुंदर होती, पण तिच्यात गाव हा एक बिंदू होता. बिंदूला कड नसते. (पुढे 1985 मध्ये सँड्रा आर्लिंगहाउस यांनी दाखवले की क्रिस्टालरची उतरंड स्वतःच फ्रॅक्टल रचनेतून काढता येते. दोन दूरच्या वाटा अशा एकत्र आल्या.)

भूमिती आली ती अगदी अनपेक्षित दिशेने. लुइस फ्राय रिचर्डसन हे इंग्रज हवामानशास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे, शांततावादी. पहिल्या महायुद्धात त्यांनी रुग्णवाहिका चालवली आणि नंतर युद्धांची कारणे गणिताने शोधण्यात आयुष्य घातले. दोन देशांची सामाईक सरहद्द जितकी लांब, तितकी युद्धाची शक्यता जास्त असते का, हे पाहायला त्यांनी सरहद्दींच्या लांब्या गोळा केल्या. तेव्हा लक्षात आले की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सीमा एका ठिकाणी 987 किलोमीटर दिली आहे, तर दुसरीकडे 1214. बेल्जियम आणि नेदरलँड्समधली 380 आणि 449. कुणीही खोटे सांगत नव्हते. लहान मापाने मोजणाऱ्याला जास्त वळणे सापडतात आणि त्याची रेषा लांब भरते. रिचर्डसन यांनी ही वाढ ठरावीक प्रमाणात होते हेही दाखवले. त्यांचे हे काम त्यांच्या मृत्यूनंतर 1961 मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही काळ तसेच पडून राहिले.

1967 मध्ये बेन्वा मँडेलब्रॉट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनचा किनारा किती लांब आहे असा प्रश्न विचारणारा छोटा लेख लिहिला आणि रिचर्डसनच्या आकड्यांना अर्थ दिला. लांबी ही अशा रेषेची स्वतःची संख्या नव्हेच, तिची खरी संख्या म्हणजे माप लहान करत गेल्यावर लांबी ज्या गतीने वाढते ती. या गतीतून रेषेची मिती निघते. सरळ रेषेची मिती 1, सपाट पृष्ठाची 2. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे 1.25 निघाली, दक्षिण आफ्रिकेच्या जवळजवळ गुळगुळीत किनाऱ्याची 1.02. अपूर्णांकी मितीची कल्पना गणितात नवी नव्हती. फेलिक्स हाउसडॉर्फ यांनी ती 1918 मध्येच मांडली होती. मँडेलब्रॉट यांनी ती कागदावरून उचलून किनारे, ढग, झाडे यांच्यावर आणली आणि 1975 मध्ये या आकृत्यांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले.

नव्या वाचकाने इथे एक आकृती स्वतःच्या हाताने काढून पाहावी. एक रेषाखंड घ्या, त्याचे तीन सारखे भाग करा, मधला भाग पुसून त्याच्या जागी तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचा तंबू उभारा. आता तिनाऐवजी चार तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच करा. दर फेरीला लांबी चार तृतीयांश पट होते आणि कधी थांबत नाही, पण आकृती तुमच्या कागदाबाहेर जात नाही. ही 1904 सालची कॉखची वक्ररेषा. तिची मिती सुमारे 1.26.

शहराच्या दृष्टीने मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी आकृती, 1916 मधली सिएरपिन्स्कीची सतरंजी. चौरसाचे नऊ चौरस करायचे, मधला कापून टाकायचा, उरलेल्या आठांवर तेच, पुन्हा तेच. हाती उरते ते मोठ्या, मध्यम, लहान, अतिलहान अशा पोकळ्यांचे जाळे. त्यात मोठी पोकळी एकच असते. लहान पोकळ्या आठ, त्याहून लहान चौसष्ट. आता एखाद्या शहराचा इमारतींचा नकाशा समोर घ्या. घरामागची बोळ, वाड्याचा चौक, रस्ता, मैदान, नदीपात्र, टेकडी. बारीक मोकळ्या जागा असंख्य, मोठ्या मोजक्या. ही उतरंड सतरंजीसारखीच आहे, फक्त ओबडधोबड. शहराच्या फ्रॅक्टल अभ्यासाचा सगळा डोलारा या निरीक्षणावर उभा आहे. हद्द ठरवायची पद्धत पुढे येईल तीही बांधलेल्या जागेपेक्षा या मोकळ्या जागांचे अधिक ऐकते.

शहराकडे ही भूमिती वळवणाऱ्यांत दोन केंद्रे आघाडीवर होती. पहिले वेल्समधले कार्डिफ. तिथे मायकेल बॅटी आणि पॉल लाँगली यांनी ऐंशीच्या दशकात कार्डिफचेच जुने-नवे नकाशे घेऊन त्याच्या कडेची मिती मोजायला सुरुवात केली. रिचर्डसनची पद्धत सरहद्दीवरून शहरावर आणली म्हणा. 1994 मध्ये त्यांचे ‘फ्रॅक्टल सिटीज’ आले. शहर कसे वाढते याच्या अनुकृतीसाठी त्यांनी भौतिकीतून एक प्रतिकृती उसनी घेतली. विटेन आणि सँडर यांनी 1981 मध्ये मांडलेल्या या प्रतिकृतीत भटकणारे कण एका बीजाला येऊन चिकटतात आणि फांद्या फुटलेले झाड तयार होते; त्याची मिती सुमारे 1.71. लंडनच्या नकाशांवरून त्यांनी काढलेली मिती 1820 साली सुमारे 1.32 होती, ती 1962 पर्यंत सुमारे 1.77 झाली. याचा अर्थ असा की शहर जसे वाढले तसे ते नुसते पसरले नाही, आतून भरतही गेले. एका संख्येत दीडशे वर्षांचा इतिहास असा दिसतो तेव्हा या भूमितीची ताकद कळते.

दुसरे केंद्र पूर्व फ्रान्समधले बेझांसाँ, दू नदीच्या वळणात वसलेले शहर. तिथले पिएर फ्रांकहाउजर यांचा शहरी रचनांच्या फ्रॅक्टलपणावरचा ग्रंथही 1994 मधलाच. बॅटींचे लक्ष वाढीच्या प्रक्रियेवर होते, फ्रांकहाउजर यांचे वस्तीच्या पोतावर. शहराच्या कडेची मिती आणि बांधलेल्या जागेची मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी आग्रहाने मांडले. सलग पण वेड्यावाकड्या कडेची वस्ती आणि विखुरलेल्या घरांची वस्ती यांत एक संख्या सारखी येऊ शकते, दुसरी त्यांना वेगळे करते. याच गटातून ‘फ्रॅक्टलाइज’ ही मोफत संगणकप्रणाली आली आणि पुढे नियोजनाचा एक विचारही. तो विचार असा: लांब, आत-बाहेर वळणारी कड हा शहराचा दोष मानू नये. ती नीट आखली तर जास्तीत जास्त घरांना एका बाजूला दुकान आणि बस, दुसऱ्या बाजूला रान, दोन्ही जवळ मिळतात. कोपनहेगनने 1947 मध्ये बोटांच्या आकारात शहर वाढवायची योजना केली तेव्हा तिच्या मागे असले गणित नव्हते, पण ते या गणिताच्या जवळच होते. शहर घट्ट गोळा करून ठेवावे असे म्हणणाऱ्या नियोजकांशी या विचाराचा वाद आजही चालू आहे. माझा कल फ्रांकहाउजर यांच्याकडे आहे हे वाचकाने ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

तिसरा प्रवाह सांख्यिकी भौतिकीचा. 1995 मध्ये माक्से, हाव्लिन आणि स्टॅन्ली यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की कण चिकटण्याच्या प्रतिकृतीतून एकच झाड उगवते, पण खऱ्या शहराभोवती लहान वस्त्यांचा शिडकावा असतो, बर्लिन आणि लंडन यांच्याशी जुळेल अशी दुसरी प्रतिकृती त्यांनी दिली. 2008 मध्ये रोझेनफेल्ड, माक्से, रिब्स्की आणि सहकाऱ्यांनी प्रशासकीय हद्दी बाजूला ठेवून लोकवस्तीच्या लगतच्या चौकटी जोडत शहर घडवायची रीत मांडली. लंडनमध्ये एल्सा आर्काउते आणि सहकाऱ्यांनी रस्त्यांच्या चौकांमधली अंतरे घेऊन ब्रिटन कोणकोणत्या अंतराला तुटते ते पाहिले. मोठ्या अंतरांवर प्रदेश सुटे होतात, लहान अंतरांवर शहरे. बिन जियांग यांनी सरासरीपेक्षा दाट आणि विरळ अशी विभागणी करत ‘नैसर्गिक शहरे’ काढली. पेकिंग विद्यापीठातले यांगुआंग चेन यांनी मितींच्या परस्परसंबंधांवर सातत्याने लिहिले. या प्रवाहाचा पसारा मोठा आहे, पण त्यातल्या बहुतेक रीतींमध्ये उंबरा शेवटी अभ्यासकच निवडतो किंवा अनेक उंबरे शेजारी शेजारी ठेवतो.

उंबरा वस्तीकडूनच यावा हा हट्ट धरला तो बेझांसाँच्या आणि बेल्जियममधल्या लूव्हाँच्या संशोधकांनी मिळून. सेसिल तानिए, इझाबेल तोमा, जिल व्हुइडेल आणि फ्रांकहाउजर यांचा 2011 चा लेख या पुस्तकाचा कणा आहे, म्हणून त्याची रीत इथे सविस्तर सांगतो.

हाती फक्त इमारतींच्या पायांचा नकाशा हवा. लोकसंख्या नको, पालिकेची हद्द नको, केंद्र कुठे आहे हेही आधी ठरवायचे नाही. आता प्रत्येक इमारत चहूबाजूंनी सारखी फुगवायची. आधी थोडी, मग आणखी थोडी. टीपकागदावरच्या शाईच्या ठिपक्यांसारखे हे आकार पसरतात आणि एकमेकांना भिडले की एक होतात. दोन्हीकडून 10 मीटर फुगवले की 20 मीटरच्या आतली सारी अंतरे मिटतात. दर पावलाला किती सुटे पुंजके उरले ते मोजायचे. सुरुवातीला हजारो असतात, मग झपाट्याने कमी होतात. पुंजक्यांची संख्या एका अक्षावर आणि अंतर दुसऱ्या अक्षावर, दोन्ही लॉगरिथममध्ये घेऊन आलेख काढायचा. सतरंजीच्या जातीच्या आदर्श फ्रॅक्टल रचनेत हा आलेख सरळ रेषेच्या आसपास उतरत जातो, कारण तिथे लहान-मोठ्या अंतरांचे प्रमाण एकाच नियमाने बांधलेले असते. खऱ्या प्रदेशात तो काही अंतरापर्यंत सरळ उतरतो आणि मग वळतो. तोवर मिटत होती ती शहराच्या आतली अंतरे: भिंत ते भिंत, गल्ली, रस्ता, चौक. वळणानंतर मिटू लागतात ती वस्ती आणि वस्ती यांच्यामधली अंतरे, आणि त्यांचा नियम वेगळा असतो. आलेखाची वक्रता जिथे सर्वाधिक, ते अंतर म्हणजे त्या प्रदेशाचा स्वतःचा उंबरा. तेवढ्या अंतराने इमारती जोडल्या की सर्वांत मोठ्या पुंजक्याची कड ही शहराची बाह्यरेषा.

या रीतीतली एक गोष्ट मला फार आवडते. तिने उंबरा शोधताना एक दावाही केला आहे: शहराच्या आत अंतरांचा एक नियम असतो आणि बाहेर दुसरा. एखाद्या प्रदेशात आलेख वळलाच नाही, तर तिथे शहर आणि परिसर यांच्यात अशी फूट नाही, हेच उत्तर आहे. 200 मीटरचा नियम असे कधी म्हणू शकत नाही. त्याला सर्वत्र रेषा सापडते.

2013 मध्ये तानिए आणि तोमा यांनी ही रीत आधी कल्पित शहरांवर आणि मग बेल्जियमच्या शहरांवर चालवली. बेल्जियम निवडण्यामागे अर्थ होता. उत्तरेच्या फ्लँडर्समध्ये घरे रस्त्यांच्या कडेने लांबच लांब पसरतात, एक गाव केव्हा संपले आणि दुसरे केव्हा लागले ते प्रवाशाला कळत नाही. दक्षिणेच्या वालोनियात बऱ्याच भागांत गावे गोळा होऊन वसलेली, मध्ये शेत आणि जंगल. एकच ठरीव अंतर या दोन्ही भागांना लावले तर एकीकडे सगळा प्रदेशच शहर होतो, दुसरीकडे उपनगरे तुटून पडतात. उंबरा स्थानिक असेल तर दोन्ही वस्त्यांची तुलना त्यांच्या त्यांच्या घडणीनुसार करता येते.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप संपूर्ण फ्रॅक्टल विचारावरच आहे. 1998 मध्ये अव्नीर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवले की निसर्गातल्या फ्रॅक्टलांच्या बहुतेक दाव्यांमागे मोजमापाचा पल्ला फारच आखूड असतो, लहानात लहान आणि मोठ्यात मोठ्या मापात जेमतेम दहापट ते शंभरपट फरक. शहराच्या बाबतीत इमारतीच्या 10 मीटरपासून शहराच्या 10 किलोमीटरपर्यंत हजारपट पल्ला मिळू शकतो. तरी सरळ रेषा ही संपूर्ण पल्ल्यात सरळ असतेच असे नाही, आणि अभ्यासकाने ती कुठून कुठवर सरळ मानली हे सांगितलेच पाहिजे. दुसरा आक्षेप चौकटीचा. अभ्यासाचा चौकोन मोठा घेतला तर बाहेरची गावे आलेखात शिरतात आणि वळण सरकू शकते. तिसरा, वक्रता काढण्याआधी आलेख किती गुळगुळीत करायचा याचा. म्हणजे माणसाची निवड या रीतीतूनही पूर्ण जात नाही. फरक इतकाच की ती निवड नकाशावर न राहता मोजमापाच्या पायऱ्यांवर जाते, आणि तिथे ती दुसऱ्याला बदलून पाहता येते.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. शहर म्हणजे इमारती नव्हेत. माणसे कुठे राहतात आणि कुठे कामाला जातात यावर शहर उभे असते. युरोपात म्हणूनच दुसरी एक हद्द वापरतात: ज्या भागातले किमान 15 टक्के काम करणारे लोक मुख्य शहरात जातात, तो भाग त्या शहराच्या परिघात. ही हद्द रोजच्या ये-जा करण्यातून येते, आमची घरांच्या अंतरांतून. दोन्ही रेषा जुळत नाहीत, आणि त्या जुळू नयेत असेच मला वाटते, कारण त्यांच्यामधल्या पट्ट्यातच आजची वाढ चालली आहे.

या सगळ्याचा नुसत्या नकाशाशी संबंध असता तर हे पुस्तक लिहिण्याइतके महत्त्वाचे ठरले नसते. 2007 पासून लुईस बेटेंकूर्ट, जेफ्री वेस्ट आणि इतरांच्या कामातून एक मोठा दावा पुढे आला की शहर दुप्पट झाले की वेतन आणि पेटंटे दुपटीहून जास्त वाढतात, रस्ते आणि तारा दुपटीहून कमी लागतात. या दाव्यावर जगभर धोरणे बोलू लागली. 2015 मध्ये आर्काउते आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड आणि वेल्समधली शहरे घनतेच्या आणि येण्याजाण्याच्या वेगवेगळ्या उंबऱ्यांनी पुन्हा पुन्हा घडवून पाहिली. तेव्हा अनेक बाबतींत तो जास्तीचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला आणि काही घातांक हद्दीबरोबर बदलत राहिले. अर्थशास्त्राचा एक नियम खरा की खोटा, हे शहराची कड कुठे आखली यावर अवलंबून निघाले.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. 2001 मध्ये भारतात 1362 जनगणना नगरे होती, 2011 मध्ये 3894 झाली. ही जनगणनेच्या दृष्टीने शहरे, कारभाराच्या दृष्टीने ग्रामपंचायती. गोव्यात 2011 साली 70 नगरांपैकी 56 अशी होती, आणि राज्याची 62 टक्के लोकसंख्या नागरी मोजली गेली. राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने ग्रामीणाकडून नागरीकडे जाणाऱ्या क्षेत्रासाठी नगर पंचायतीची सोय केली, पण असे क्षेत्र नेमके कोणते हे राज्यपालांच्या अधिसूचनेवर सोडले. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेशी संबंधित एरिक डेनिस आणि कमला मारियस यांनी हाच फ्रेंच 200 मीटरचा नियम उपग्रहचित्रांवरून भारतभर लावून पाहिला आणि जनगणनेपेक्षा बराच अधिक भारत सलग वस्तीत राहताना आढळला. ते काम पायाभूत आहे. पण देशावरचे गावठाण आणि कोकणातली वाडी यांना एकच 200 मीटर लावावेत का, हा प्रश्न त्यातून उरतो. देशावर घरे एकमेकांना पाठ लावून उभी, भोवती शेते. कोकणात आणि गोव्यात घरामागे परसू, मग माडाचा आगर, मग दुसरे घर, आणि एका गावाच्या वाड्या दुसऱ्या गावाच्या वाड्यांपर्यंत पोचलेल्या. फ्लँडर्स आणि वालोनिया यांचा पेच इथे जसाच्या तसा हजर आहे.

पुण्याचेही बघा. महापालिकेत 1997 मध्ये 38 गावे आली, 2017 मध्ये 11, 2021 मध्ये आणखी 23, आणि क्षेत्र 500 चौरस किलोमीटरच्या वर गेले. नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हे निर्णय कर, पाणी, रस्ते आणि राजकारण यांवर होतात, आणि तसेच व्हायला हवेत. कुठल्याही आलेखाने ते घेऊ नयेत. पण त्या चर्चेत घरांच्या अंतरांची साक्ष असावी इतके म्हणणे रास्त आहे. शिवाय पुण्यासारख्या शहरात ही रीत एक वेगळी गोष्ट समोर आणते. इमारती फुगवत गेले तर वेताळ टेकडीच्या दोन्ही अंगांची वस्ती टेकडी ओलांडण्याआधी तिला वळसा घालून एकमेकांना भिडेल. टेकडी शहराच्या बाह्यरेषेत येईल, पण आतली पोकळी म्हणून, तिच्या भोवती स्वतःची कड घेऊन. शहराला बाहेरून एक हद्द असते तशा आतूनही अनेक असतात, आणि त्या आतल्या हद्दींची लांबी बाहेरच्या हद्दीइतकीच विचारात घ्यावी लागते. टेकड्यांवरच्या बांधकामाचा वाद करणाऱ्या दोन्ही बाजूंना ही संख्या उपयोगी पडेल.

या पुस्तकात काय करायचे ठरवले आहे ते आता सांगतो. शाळेतले लॉगरिथम आठवत असलेल्या वाचकाला मितीपासून बाह्यरेषेपर्यंत हाताला धरून नेणे हा पहिला हेतू. म्हणून गणित चित्रांच्या मागे येते, पुढे नाही. कार्डिफ, लंडन, बेझांसाँ आणि बेल्जियम ही शहरे आणि प्रदेश मुख्य आहेत, कारण विषय तिथे घडला आणि तिथली मोजणी तपासलेली आहे. भारताबद्दलच्या भागात निष्कर्ष जाणूनबुजून दिलेले नाहीत. तिथे प्रश्न आहेत, कोणती सामग्री घ्यावी याची चर्चा आहे, आणि सामग्रीतल्या खाचखळग्यांची यादी आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये शहराच्या मध्यात घरे नीट असतात आणि कडेला गाळलेली असतात, म्हणजे नेमके जिथे काम आहे तिथे माहिती विरळ. उपग्रहचित्रांवरून यंत्राने काढलेल्या इमारतींच्या पायांची मोफत माहिती आता दक्षिण आशियासाठीही मिळते. ती कडेला अधिक पुरी असते, पण झोपडपट्टीत शंभर घरांचे एक छप्पर करून टाकते आणि गोठ्याला घर समजते. पहिल्या चुकीने लहान अंतरे नाहीशी होतात आणि आलेखाचा वरचा टोकाचा भाग कोसळतो. दुसरीने शेतातली अंतरे घरांची म्हणून मोजली जातात.

या विषयाचे शास्त्र अजून तरुण आहे. अनेक ठिकाणी मी एका मताच्या बाजूने लिहिले आहे, आणि तिथे दुसरे मतही त्याच्या सर्वांत बळकट रूपात ठेवायचा प्रयत्न केला आहे. नियोजनाच्या विद्यार्थ्याने हे पुस्तक क्रमाने वाचावे. पत्रकाराने, नगरसेवकाने किंवा आपल्या गावाची हद्द बदलणार हे कळलेल्या नागरिकाने बेल्जियमपासून सुरुवात केली तरी चालेल. सतरंजीकडे नंतर परत यावेच लागेल. पुस्तकातल्या प्रत्येक नकाशाखाली चार गोष्टी छापल्या आहेत: इमारतींची माहिती कोणत्या वर्षाची, अभ्यासाचा चौकोन किती मोठा, आलेख कोणत्या अंतरांमध्ये सरळ मानला, आणि निघालेला उंबरा किती मीटर. एखादी रेषा पटली नाही तर या चारांपैकी एक बदलून ती पुन्हा काढता येईल.